वही आणि किल्ली

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घोडनदीच्या पेठेतून एक फेरफटका मारावयाचा, असा माझा पुष्कळ वर्षांचा परिपाठ आहे. घोडनदी म्हणजे शिरूर. सरकारी कागदावर शिरूर, आणि जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदी. दुकानाच्या पायरीवर रांगोळी, आत पाट, पाटावर लक्ष्मीची तसबीर आणि तिच्यापुढे लाल कापडी बांधणीची कोरी चोपडी. पहिल्या पानावर 'श्री', कुंकवाचे स्वस्तिक, वर लाह्या-बत्तासे. हे दृश्य पाहिले की दिवाळी खरी घरी आली असे वाटते.

अलीकडे मात्र त्या पाटावर एक नवे दैवत येऊन बसले आहे. संगणकाच्या पडद्याला कुंकवाचे बोट लागते आणि कळफलकावर झेंडूचे फूल पडते. मागच्या खेपेला एका ओळखीच्या दुकानदाराला मी सहज थट्टेने विचारले, "शेटजी, यंदा वही कुठे दिसत नाही?"

त्यांनी झेंडूच्या फुलाकडे बोट दाखविले. "गुरुजी, वही या पेटीत."

"आणि किल्ली?"

"ती थोरल्याच्या डोक्यात."

"आणि थोरला?"

"तो पुण्याला!"

आम्ही दोघेही हसलो. त्यांनी हातावर बत्तासे ठेवले आणि मी पुढे निघालो. पण नदीकडे वळेपर्यंत ते हसू ओसरले होते. वही एकीकडे, किल्ली दुसरीकडे आणि मालक तिसरीकडे, ही गोष्ट आमच्या या मुलुखाला नवी नाही. दीडशे वर्षांपूर्वी याच एका गोष्टीपायी शिरूर आणि दौंडच्या अंगाला आगी लागल्या होत्या. ती हकीकत आज फराळाच्या ताटाशी बसून सांगावी म्हणतो. गोष्ट जुनी आहे, पण तिचे शेपूट थेट आपल्या खिशातल्या दूरध्वनीपर्यंत येऊन पोहोचते.

त्या काळी दौंड हा स्वतंत्र तालुका नव्हता. आजचा दौंड आणि बारामती हा सारा मुलूख भीमथडी तालुक्यात मोडत असे. भीमथडीची तट्टे इतिहासात गाजली. परंतु तट्टांवरून उतरून नांगरामागे चालणारा येथला कुणबी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पार पिचून गेला होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले. त्यातच सरकारने जमिनीची नवी आकारणी करून सारा वाढविला. कर्ज मात्र जिथल्या तिथे राहिले; राहिले कसले, व्याजाने दिवसा दुप्पट आणि रात्री चौपट झाले.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी पहिली ठिणगी पडली. एका सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा मिळवून गावच्या देशमुखाचे राहते घर पाडले. गाव चिडले. सावकाराचे पाणी भरावयाचे नाही, त्याची हजामत करावयाची नाही, त्याच्या दुकानचा माल घ्यावयाचा नाही, असा बहिष्कार पडला आणि तो आसपासच्या गावांतून पसरला. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुपे येथे लोक जमले आणि सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले. चोवीस तासांच्या आत त्याच तालुक्यात दुसरीकडे एका बड्या सावकाराचे घर पेटले. मग पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गावे उठली. पलटणी आल्या, पोलीस आले, ९५१ माणसे पकडली गेली. इतिहासात या प्रकाराला 'दख्खनचे दंगे' असे नाव आहे.

आता मौज पहा. एवढा संतापलेला जमाव; त्याने काय लुटावे? सोने? धान्याची पेवे? काही ठिकाणी तेही झाले. पण सरकारने पुढे नेमलेल्या चौकशी कमिशनला एक गोष्ट ठळकपणे आढळली. जमावाला सर्वत्र हवे होते ते कागद: कर्जखते, हुकूमनामे, खातेवह्या. सावकाराने मुकाट्याने कागद बाहेर काढून दिले की बहुतेक ठिकाणी लोक त्याच्या केसालाही धक्का लावीत नसत. कागदांची होळी झाली की जमाव पांगे. नाही दिले, तर मात्र घराला आग.

कागदावर एवढा राग का असावा? कारण त्या कागदात कुणब्याचा जीव होता, आणि तो त्याला वाचता येत नव्हता. खत मोडीत लिहिलेले. लिहिणारा सावकाराचा माणूस, वाचणारा सावकार, जपून ठेवणारा सावकार. कुणब्याने करावयाचे एवढेच की खाली नांगराची निशाणी उठवावयाची. फेडलेल्या पैशाची पावती नाही, हिशेबाची नक्कल नाही. वहीत पन्नासाचे पाचशे झाले तरी त्याला कळावे कसे? आपल्याविषयीची सारी माहिती दुसऱ्याच्या कपाटात, आणि तिच्यात काय लिहिले आहे हे आपणांस ठाऊक नाही! याहून मोठी परवशता कोणती?

न्यायाने बोलावयाचे तर सारेच सावकार लबाड नव्हते. अडीनडीला तोच धावून येई, आणि त्याच्या वह्या जळाल्या तेव्हा त्याचाही प्रामाणिक हिशेब त्यांत जळाला. जाळपोळीने कर्जाचा प्रश्न सुटत नसतो. परंतु त्या होळीच्या उजेडात सरकारला एक गोष्ट दिसली खरी. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. खत करावयाचे ते गावच्या नोंदणी कामगाराच्या देखत करावे. पैसे फेडले की ऋणकोला पावती मिळावी. वर्षाचे वर्षाला त्याला हिशेब द्यावा. मागितल्यास खातेपुस्तक लिहून द्यावे. थोडक्यात, ज्याच्याविषयी वहीत लिहिले आहे त्याचाही त्या वहीवर काही हक्क आहे. हे तत्त्व आमच्या करड्याच्या आणि सुप्याच्या आगीतून बाहेर पडले, हे आम्ही इकडचे लोक विसरून गेलो आहोत.

कोणी विचारील, कागद राखण्याची विद्या आपल्याकडे त्यापूर्वी नव्हती काय? होती, आणि चांगली तरबेज होती. फक्त ती दरबाराची आणि पेढीची होती, कुणब्याची नव्हती.

शिवछत्रपतींच्या काळचे पत्र पहा. मजकूर संपला की त्याखाली 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा उठे. मर्यादा म्हणजे शीव. पत्र येथे संपले, यापुढे कोणी एक अक्षर वाढवू नये. कागदाचे लांब बंद एकमेकांस चिकटवीत. त्या जोडावर पाठीमागून शिक्का मारीत. मधला बंद काढून कोणी दुसरा घातला तर शिक्क्याची दोन शकले जुळत नसत. आज संगणकावरच्या दस्तऐवजाला जी सही करतात, तिचे काम नेमके हेच: मजकूर कोणाचा आहे हे सांगणे, आणि मध्ये कोणी हात घातला असल्यास ते उघडे पाडणे.

हुंडीचीही अशीच गंमत. रक्कम एकदाच लिहून भागत नसे. रुपये हजार, त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरे हजार, असे लिहावयाचे. म्हणजे एका शून्याची लबाडी करणाराला तीन ठिकाणी करावी लागे. हुंडी हरवली तर पेठ, आणि पेठही हरवली तर परपेठ, अशा नकला देण्याची रीत होती. शिवाय हुंडी लिहिणारा पेढीवाला तिची वर्दी वेगळ्या टपालाने दुसऱ्या पेढीस कळवी. हुंडी एका वाटेने जाई आणि वर्दी दुसऱ्या वाटेने. चोराने एक वाट अडविली तरी दुसरी मोकळी राही. ही दोन वाटांची युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

आणि सांकेतिक भाषा? पानिपतचे वर्तमान पेशव्यांना प्रथम कळले ते सावकाराच्या अशाच एका पत्रातून. १४ जानेवारी १७६१ रोजी सर्वनाश झाला. नानासाहेब उत्तरेकडे निघाले असता वाटेत सावकारांचा एक कासीद सापडला. त्याच्याजवळचे पत्र फोडले. त्यात दोन मोती गळाल्याची, सत्तावीस मोहरा हरवल्याची आणि रुपये-खुर्द्याची तर गणतीच नसल्याची बातमी होती. परक्याला वाटावे, पेढी बुडाली. पण मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, हे पेशव्यांना सांगावे लागले नाही. सावकाराने पत्राला कुलूप घातले होते खरे, पण ज्याच्या हाती ते पडले त्याच्या काळजातच त्या कुलपाची किल्ली होती. कुलूप कितीही बळकट असो, सारा भरवसा किल्ली कोणाजवळ आहे यावर. पुढच्या साऱ्या गोष्टी याच एका वाक्याभोवती फिरतात.

आता काळाचा एक मोठा उंबरठा ओलांडू या. सुप्याच्या दंग्यापासून बरोबर १४२ वर्षांनी, योगायोगाने त्याच तारखेला, १२ मे २०१७ रोजी, जगात दुसरीच एक वह्यांची होळी झाली. 'वॉनाक्राय' नावाचा एक दुष्ट प्रोग्राम सुमारे दीडशे देशांतील संगणकांत शिरला. त्याने कागद जाळले नाहीत. त्याने सगळ्या फायलींना आपले कुलूप घातले आणि पडद्यावर पाटी लावली: ३०० डॉलर द्या आणि किल्ली न्या! इंग्लंडातल्या इस्पितळांत ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. भीमथडीच्या कुणब्याने वही जाळली ती आपल्या पायातली बेडी तुटावी म्हणून. या नव्या दरोडेखोराचे तुमच्याशी वैर नाही, देणे नाही, ओळखसुद्धा नाही. विशेष म्हणजे ज्या फटीतून तो शिरला, ती बुजविण्याचे साधन त्या आधी दोन महिने, मार्चमध्येच, कंपनीने लोकांना फुकट दिले होते. लोक 'उद्या करू' म्हणाले. आमच्या घरातही छपराची फट पावसाळ्यातच आठवते.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, दुसरी लाट आली. ती निघाली युक्रेनमधून, आणि कशावर बसून? हिशेब ठेवण्याच्या एका प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीवर! म्हणजे मुनीमच विषाची पुडी घेऊन पेढीत शिरला म्हणा ना. मर्स्क या जगड्व्याळ जहाज कंपनीचे संगणक काही तासांत निकामी झाले, आणि तिच्या ताब्यातील न्हावाशेव्याच्या बंदरातील धक्क्याचे कामही ठप्प झाले. खंडणीची पाटी येथेही होती, पण ती नुसती बतावणी. किल्ली कोणाजवळच नव्हती.

मर्स्क वाचली कशी, ते मात्र आमच्या वाचकांना फार आवडेल. कंपनीच्या साऱ्या जाळ्याचा जो मूळ नकाशा, त्याच्या जगभर ठेवलेल्या नकला एकजात नष्ट झाल्या होत्या. एक मात्र शिल्लक राहिली, आफ्रिकेतील घाना देशात. का? तर त्या वेळी तेथली वीज गेली होती! बंद पडलेल्या यंत्रात शत्रू शिरणार कसा? ती नकल घेऊन निघालेल्या माणसाजवळ इंग्लंडात शिरण्याचा परवाना नव्हता; म्हणून त्याने नायजेरियाच्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो ती घेऊन इंग्लंडला गेला. जासूदजोडीने पुढच्या जोडीच्या हाती थैली द्यावी, तसे. तेव्हा वीज गेली म्हणून रोज बोटे मोडणाऱ्या शिरूर-दौंडकरांनी एवढे तरी समाधान मानावे! विनोद बाजूला ठेवला तरी बोध साधा आहे. वहीची एक नकल अशा जागी असावी, की जी कोणत्याही तारेला जोडलेली नाही. पेठ आणि परपेठ वेगळे काय सांगत होत्या?

आता आपल्या पुण्याकडे येऊ. १९०६ साली स्थापन झालेली कॉसमॉस सहकारी बँक ही पुण्याची जुनी, नावाजलेली संस्था. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. दुपारी तीनच्या सुमारास जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत माणसे ए.टी.एम.पुढे उभी राहिली आणि या बँकेच्या नावाच्या बनावट कार्डांवर पैसे काढू लागली. रात्री दहापर्यंत २८ देशांतून बारा हजारांवर व्यवहार होऊन सुमारे ७८ कोटी रुपये गेले. भारतातही, कोल्हापूरसारख्या शहरांत, २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी काढले गेले. रविवार मध्ये गेला. सोमवारी, १३ तारखेला, बँकेच्या नावाने परदेशी खोटा संदेश जाऊन आणखी सुमारे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात जमा झाले. एकूण ९४ कोटींवर रक्कम.

हे घडले कसे? हुंडीच्याच भाषेत सांगतो. परगावच्या पेढीवर कोणी हुंडी घेऊन आला, तर तेथला माणूस मूळ पेढीला विचारतो, 'याचे पैसे जमा आहेत काय?' मूळ मुनीम वही पाहतो आणि हो किंवा नाही म्हणतो. ए.टी.एम.ही असेच विचारते. तो प्रश्न बँकेच्या खातेवहीपर्यंत पोहोचविणारे जे मधले यंत्र, त्याच्या जागी चोरांनी आपले तोतया यंत्र बसविले. प्रश्न आला की तोतया परस्परच म्हणे, 'हो, द्या!' खऱ्या वहीला कोणी विचारलेच नाही. म्हणून खातेदारांच्या खात्यांतले पैसे जागच्या जागी राहिले. खड्डा पडला तो बँकेला. पानिपतानंतर आलेला भाऊसाहेबांचा तोतया आपण इतिहासात वाचतो. हा यंत्राचा तोतया.

आदल्याच दिवशी, शुक्रवारी, अमेरिकेच्या तपास खात्याने बँकांना खाजगी इशारा दिला होता, की ए.टी.एम.वर जगभर एकाच वेळी असा दरोडा पडण्याचा संभव आहे. चोवीस तासांत तो पुण्यावर पडला. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या अहवालाने या प्रकरणी उत्तर कोरियाकडे बोट दाखविले. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरविले. पण ती कार्डे घेऊन यंत्रापुढे उभी राहिलेली प्यादी. हाँगकाँगमधून काही कोटी परत मिळाले. राजा आणि वजीर मात्र पटाबाहेरच राहिले.

एक गंमत येथे सांगितल्याविना राहवत नाही, कारण ती शाळामास्तराच्या जिव्हाळ्याची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर असाच घाला पडला आणि ८ कोटी १० लाख डॉलर गेले. आणखी दोन कोटी डॉलर श्रीलंकेतील एका संस्थेकडे निघाले होते, पण चोराने 'फाउंडेशन' हा शब्द 'फँडेशन' असा लिहिला! कोणा कारकुनाला शंका आली आणि रक्कम अडली. शुद्धलेखनाचा तास टाळणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी ही हकीकत दरवर्षी सांगतो. चूक दिसताच थांबून विचारणारा एक सावध कारकून, साऱ्या यंत्रांपेक्षा केव्हा केव्हा मोलाचा ठरतो.

परंतु वाचकहो, एवढ्या दूरच्या गोष्टी सांगून जवळची एक गोष्ट मी चुकवीत आहे. ती सांगावयास जीभ जड होते, तरी सांगतो.

काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या अर्जांची घाई चालली होती. माझ्या वर्गाची यादी मी हाताने केली: मुलाचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, आईचे बँक खाते, दूरध्वनी. पालकांनी तपासून पहावी म्हणून तिचे छायाचित्र काढले आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकून दिले. काम पाच मिनिटांत झाले, याचा मला कोण आनंद! गटात दीडशे माणसे. त्यांनी ते आणखी कोठे पाठविले, देव जाणे.

पंधरा दिवसांनी एक माउली शाळेत आली. पदर डोळ्यांना. तिला फोन आला होता: 'शाळेतून बोलतो. तुमच्या अमुक मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली. खाते क्रमांक हाच ना? आता आलेला आकडा सांगा.' मुलीचे नाव बरोबर, इयत्ता बरोबर, खाते बरोबर. मग संशय यावा कशाला? तिने आकडा सांगितला आणि कांदा विकून आलेले अकरा हजार रुपये गेले. "गुरुजी, त्याला समदं ठावं होतं हो," ती म्हणाली. "मला वाटलं तुमचाच माणूस."

माझ्याच यादीवरून हे झाले, असा पुरावा नाही. नाही असाही नाही. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तो दिला असता तर बरे वाटले असते. त्या रात्री मला करड्याच्या सावकाराची आठवण झाली. आजवर मी ती गोष्ट मुलांना शिकविताना नेहमी कुणब्याच्या बाजूला उभा राहत आलो होतो. त्या दिवशी कळले की दुसऱ्याची वही ज्याच्या कपाटात आहे, तो दर खेपेला सावकाराच्याच जागी उभा असतो, मग तो मास्तर असो, डॉक्टर असो, किराणा दुकानदार असो की पतपेढीचा चिटणीस असो. शाळेचे जनरल रजिस्टर मी कुलपात ठेवीत होतो, आणि त्यातलाच मजकूर चव्हाट्यावर मांडीत होतो.

त्या आलेल्या आकड्याचे मर्म आता हुंडीवरून समजेल. बँक तुमच्या व्यवहारासाठी दोन वाटा ठेवते. परवलीचा शब्द एका वाटेचा, आणि दूरध्वनीवर येणारा आकडा, म्हणजे ओ.टी.पी., दुसऱ्या वाटेने येणारी वर्दी. चोराजवळ एक वाट असते. दुसरी आपण आपल्या तोंडाने त्याला मोकळी करून देतो. बँक, शाळा, पोलीस, कोणीही तो आकडा मागत नसते. जो मागतो तो तोतया, एवढी खूणगाठ बांधावी.

आणि निशाणी? नांगराची निशाणी जाऊन अंगठा आला, आणि आता अंगठ्यावर आधारचे पैसे निघतात. २०१८ साली तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने जमीनखरेदीच्या दस्तांवरचे अंगठे सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घेतले आणि त्यांचे रबरी ठसे केले. परवलीचा शब्द चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलावा? म्हणून आधारच्या अंगठ्याला कुलूप घालण्याची सोय सरकारने दिली आहे. हवा तेव्हा उघडावा, एरवी बंद ठेवावा. आधारची नकल द्यावी लागली, तर ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात अशी नकल मिळते, ती द्यावी. आणि फसगत झालीच, तर लाजून घरी बसू नये. तडक १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या तासा-दोन तासांत पैसा वाटेतच अडविता येण्याचा संभव असतो. त्या माउलीने लाजेपोटी एक दिवस दवडला होता.

कायद्याचेही चाक पुन्हा फिरून तेथेच आले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी, कॉसमॉसच्या त्या शनिवारनंतर बरोबर पाच वर्षांनी, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. माझ्याविषयी काय लिहून ठेवले आहे ते मला सांगा, चुकले असेल तर दुरुस्त करा, काम संपले असेल तर पुसून टाका, असे म्हणण्याचा अधिकार त्याने सामान्य माणसाला दिला. आणि माहिती नीट न राखणाराला अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद केली. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. १८७९ च्या पावतीची आणि खातेपुस्तकाची ही पणती शोभावी! फरक इतकाच, की तेव्हा वही एका सावकाराच्या घरी होती, आणि आज ती हजार ठिकाणी आहे.

त्या माउलीला तिचे पैसे काही परत मिळाले नाहीत. आम्ही शिक्षकांनी थोडी वर्गणी काढून तिच्या हातावर ठेवली. ती घेताना तिचा हात मागेपुढे होत होता, आणि देताना माझा. तेव्हापासून यादी गटावर टाकणे मी बंद केले. पालक एकेक करून येतात, आपापली ओळ पाहतात, निशाणी करतात. पाच मिनिटांचे काम पाच दिवस चालते. चालू द्यावे.

या दिवाळीत वहीपूजन कराल, तेव्हा एक करा. वही कागदी असो की पेटीतली, क्षणभर हात जोडून तिच्यात कोणाकोणाची नावे आहेत ती आठवा. उधारीवर साखर नेणारा मजूर, औषधाची यादी देऊन गेलेली म्हातारी, फीचा हप्ता थकलेला बाप. लक्ष्मी ज्या पाटावर बसते, त्या पाटाखाली या साऱ्यांचा विश्वास असतो.

आमच्या शेटजींना मी परवा भेटलो. थोरल्याला सांगून त्यांनी वहीची एक नकल वेगळ्या डबीत काढून तिजोरीत ठेवली आहे म्हणे, आणि परवलीचा शब्द आता त्यांनाही पाठ आहे.

"काय आहे तो?" मी मुद्दाम विचारले.

शेटजींनी बत्ताशांची वाटी पुढे केली आणि मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, "गुरुजी, फराळ घ्या."